गुलाबी

सुभेदारीण खुडूक बसली माघ सरता सरता,
जिन्याखाली, माझ्या जुन्या बुटांच्या खोक्यात.
हात लावू देईना. पिसं फुलवून नुसती उशी झालेली.
अकरा अंडी रवणीला घातली,
सातव्या रात्री बॅटरीसमोर धरून एकेक पाहिलं:
दोन नुसती पिवळी, भाडेकरू न आलेल्या खोल्यांसारखी,
बाकीच्यांत लाल शिरांचं जाळं
आणि मधे एक ठिपका, हलणारा.

एकविसाव्या दिवशी आठ निघाली.
नववं टरफलातच दमलं.
मी चिमट्याने मदत करायला गेलो होतो.
करू नये म्हणतात. खरं असावं.

त्याच संध्याकाळी अंशुल बाजारातून
दहा रुपयांचा एक गुलाबी गोळा घेऊन आला.
टोपलीत घेऊन बसला होता कोणी,
हिरवे, निळे, जांभळे,
होळीच्या आधीच होळी झालेले.
"दादाजी, चूज़ा!"
पिल्लू, म्हटलं मी. पिल्लू म्हण.
"हाँ, वही. चूज़ा."
सूनबाई भिंडची. ती हसली, मीही हसलो.
शिंदे की छावणीत आमची पाचवी पिढी ही,
शब्द एकेक करून जिना उतरून जातात,
जाताना सांगतही नाहीत.

मशीनमधलं पिल्लू ते. बल्बच्या उबेतलं.
रात्री दोनला उठलो
(चौतीस वर्षं पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह फिरवला,
दोनची वेळ हाडांत मुरलेली)
आणि अंधारात, श्वास धरून,
सुभेदारणीच्या पोटाखाली ते सरकवलं.
ती झोपेत काहीतरी पुटपुटली.
हात जरा जास्तच वेळ तिथे राहू दिला मी.
बाहेर अजून गारठा होता.

सकाळी तिला रंग दिसला.
टोच. डोक्यावर. पुन्हा टोच.
डबीच्या झाकणात पाणी ठेवलं, पाण्यात खडे, बुडू नयेत म्हणून,
तांदळाची कणी पसरली. ती म्हणाली, कुक्‌ कुक्‌ कुक्‌,
आठ धावली.
गुलाबी उभंच.
त्याला ती भाषाच येत नव्हती.
माझ्या अंगठ्याला चोच लावून बसलं.

दोन दिवस मी आणि अंशुल पहारा करत होतो.
तिसऱ्या दिवशी सुभेदारीण
बंबाच्या राखेच्या ढिगात शिरली, पंख आपटत लोळली,
तिच्या मागोमाग सगळी,
आणि धुरळा बसल्यावर मोजली तर नऊ,
नऊच्या नऊ राखाडी.
तीच काय, क्षणभर मीही चुकलो.
त्यानंतर टोच नाही.

किल्ल्यावरच्या घारी मला लहानपणापासून माहीत आहेत.
दुपारी त्या दगड तापला की वर उठतात, अगदी आळशी.
सुभेदारणीने लांबलचक "क्र्र्र" काढला
आणि सगळी तिच्या पंखांखाली,
गुलाबीसुद्धा. एवढं शिकलं होतं.
ठिपक्यांचं एक तेवढं टाकीमागून उशिरा निघालं.
सावली पडली, उचलली गेली. इतकंच.

माझ्या मनात पहिलं काय आलं, ते लिहून ठेवतो,
कारण बोललो नाही कोणाशी:
तिचंच का? ते विकतचं का नाही?

कोंबडीला मोजता येत नाही म्हणतात.
ती दिवे लागेपर्यंत टाकीमागे जाऊन
कुक्‌ कुक्‌ करत होती,
मग परत येऊन
आहेत त्यांच्यावर बसली.

आता पिसं फुटताहेत. तांबूस, काळी, सगळी वेडीवाकडी.
गुलाबी रंग उरलाय एकाच्या पंखाच्या सांध्यात,
पुसट, मिटलेल्या शाईएवढा.
मी कणी घेऊन वाकलो, तिच्यासारखीच जीभ टाळ्याला लावून
कुक्‌ कुक्‌ केलं, तर ते सर्वांआधी आलं.

पाठीमागून अंशुल: "दादाजी, पिल्लू भूखा है."

भुकेलं, म्हणणार होतो.
नाही म्हटलं.
मूठ उघडली.